३.३ विरुद्ध ३.३: उरुस परफॉर्मांते आणि कायेन टर्बो जीटी यांचा पिकअप आणि वेग कसा मोजायचा

लॅम्बोर्गिनी सांगते की उरुस परफॉर्मांते शून्यातून ताशी १०० किमीचा वेग ३.३ सेकंदांत गाठते. पोर्शेने २०२१ साली आणलेल्या कायेन टर्बो जीटीचा आकडाही ३.३ सेकंदच आहे. दोन्हींत ३,९९६ सीसीचं, दोन टर्बोंचं व्ही८ इंजिन आहे. दोन्हींना ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि दोन्हींचा कमाल टॉर्क ८५० न्यूटन मीटर आहे. सांगाडाही फोक्सवॅगन समूहाच्या एकाच घराण्यातला. मग यातली वेगवान कोणती?

हा प्रश्न इंटरनेटवर रोज विचारला जातो आणि रोज त्याचं उत्तर एखाद्या रस्त्यावरच्या व्हिडिओतून दिलं जातं. त्या व्हिडिओंतून जवळपास काहीच सिद्ध होत नाही. कोणाच्या टायरची काय अवस्था होती, कोणाची टाकी भरलेली होती, कोणी आधी पाय दाबला, यातलं काही कळत नाही. दोन ताकदवान एसयूव्हींची तुलना नीट करता येते, पण त्यासाठी थोडं गणित, थोडी शिस्त आणि योग्य जागा लागते. पुढची पद्धत या जोडीवर बेतलेली आहे, मात्र ती कोणत्याही दोन गाड्यांना लागू पडते.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. एवढ्या ताकदीच्या गाड्यांत ०-१०० हा आकडा इंजिनाबद्दल फार थोडं सांगतो. तो मुख्यतः टायर, डांबर आणि सुटण्याच्या कौशल्याचा आकडा आहे. इंजिनांचा खरा फरक शंभरच्या पुढे दिसायला लागतो.

आधी नक्की कोणती गाडी ते ठरवा

'उरुस' एवढंच म्हणून चालत नाही. २०१८ ची पहिली उरुस ६५० पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचं मेट्रिक माप) होती आणि तिला शंभर गाठायला ३.६ सेकंद लागत. पुढे उरुस एस आली, ६६६ पीएस आणि ३.५ सेकंद. २०२२ च्या परफॉर्मांतेची ताकद तेवढीच, ६६६ पीएस, पण वजन ४७ किलोने घटवलेलं, हवेच्या सस्पेन्शनऐवजी पोलादी स्प्रिंगा आणि गाडी २० मिलिमीटर खाली. तिचा आकडा ३.३. कायेन टर्बो जीटी सुरुवातीला ६४० पीएसची होती आणि तिचा कमाल वेग ३०० किमी/तास होता. नंतरच्या सुधारित आवृत्तीत ताकद ६५९ पीएस झाली आणि कमाल वेग ३०५. म्हणजे मित्राची कायेन कोणत्या सालची आहे, हे न विचारता केलेली तुलना पहिल्याच पायरीवर चुकते. या लेखात ६४० पीएसची कायेन धरली आहे.

ब्रोशरचे आकडे एका मापात आणा

भारतीय मासिकांत आणि यूट्यूबवर पीएस आणि बीएचपी सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. १ पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॅट, तर १ बीएचपी म्हणजे ०.७४५७ किलोवॅट. ६६६ पीएस म्हणजे ६५७ बीएचपी आणि ६४० पीएस म्हणजे ६३१ बीएचपी. एका गाडीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये घेतला, तर दहा घोडे नुसते कागदावर इकडचे तिकडे होतात. याचं उत्तम उदाहरण म्हणजे ॲस्टन मार्टिन डीबीएक्स७०७ आणि जीप ग्रँड चेरोकी ट्रॅकहॉक. दोघींच्या नावापुढे ७०७ हा आकडा येतो, पण ॲस्टनचे ७०७ हे पीएस आहेत आणि जीपचे ७०७ हे अमेरिकन हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ७१७ पीएस.

दुसरी गफलत वेगाच्या मापात होते. अमेरिकेत ०-६० मैल मोजतात आणि ६० मैल म्हणजे ९६.६ किमी. या वर्गातल्या गाडीला उरलेले साडेतीन किमी/तास मिळवायला साधारण सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. शिवाय अमेरिकन ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेत लावायच्या छोट्या अंतराच्या शर्यतींच्या, परंपरेतून आलेली एक सवय आहे: गाडी पहिला एक फूट सरकली, की मगच घड्याळ सुरू करायचं. याला रोलआउट म्हणतात. त्या तीस सेंटिमीटरमध्ये सेकंदाचा पाव भाग सहज जातो आणि तो हिशेबात धरलाच जात नाही. तेव्हा 'अमेरिकेत हिने २.९ केले' असं कोणी सांगितलं, तर रोलआउट वगळला होता का आणि मोजमाप मैलांत होतं का, हे आधी विचारा.

तिसरी गोष्ट वजनाची. ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. जर्मन डीआयएन पद्धतीच्या वजनात ड्रायव्हर धरत नाहीत, युरोपीय संघाच्या पद्धतीत ७५ किलो धरतात आणि काही कंपन्या तर 'ड्राय' म्हणजे तेल-पाण्याशिवायचं वजन छापतात. फेरारी पुरोसांग्वेचे २,०३३ किलो हे असं ड्राय वजन आहे. परफॉर्मांतेचे २,१५० किलो आणि कायेनचे २,२२० किलो या आकड्यांवर आपण कागदी गणित करू, पण प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी दोन्ही गाड्या वजनकाट्यावर न्या. महामार्गालगत ट्रकांसाठी असतो तोच काटा. थोडक्या पैशांत मिळणारी ती पावती कोणत्याही ब्रोशरपेक्षा विश्वासार्ह असते. सनरूफ, मागच्या सीट, मोठी चाकं, टाकीतलं पेट्रोल हे सगळं तिच्यात येतं.

कागदावरचं गणित

ड्रायव्हरचे ८० किलो धरले, तर परफॉर्मांते २,२३० किलोची आणि कायेन २,३०० किलोची होते. दर टनामागे ताकद काढली, तर परफॉर्मांतेला सुमारे २९९ पीएस आणि कायेनला २७८ पीएस मिळतात. फरक सात टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही दोघींचा ०-१०० चा आकडा एकच कसा?

२,३०० किलोच्या गाडीला १०० किमी/तास वेग द्यायला सुमारे ८८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. ती ३.३ सेकंदांत दिली, तर सरासरी ताकद निघते २६९ किलोवॅट, म्हणजे साधारण ३६६ पीएस. कायेनकडे ६४० आहेत. बाकीचे कुठे गेले? थोडे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायरच्या घर्षणात गेले, पण बराचसा भाग सुरुवातीला वापरताच येत नाही. चाकं रस्त्याला जितकी धरतील, तितकाच जोर रस्त्यावर उतरतो. टायरनी १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी, पकड दिली असं धरलं, तर २,३०० किलोच्या गाडीला जास्तीत जास्त २२.५ किलोन्यूटन जोर लावता येईल. चाकांपर्यंत ४०० किलोवॅट पोचतात असं समजा. जोर आणि वेग यांच्या गुणाकारातून ताकद मिळते, त्यामुळे हे ४०० किलोवॅट पूर्ण वापरायला गाडीचा वेग किमान सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी ६४ किमी असावा लागतो. त्याआधी इंजिनात आणखी शंभर घोडे भरले, तरी पिकअप वाढत नाही. फक्त टायर घसरतात किंवा संगणक ताकद कापतो.

म्हणून शून्यापासून साधारण ६५ पर्यंतची लढत टायर आणि चारचाकी ड्राइव्हची असते. कायेन टर्बो जीटीला खास तिच्यासाठी तयार केलेले पिरेली पी झिरो कोर्सा टायर येतात. परफॉर्मांतेला पर्याय म्हणून पी झिरो ट्रोफिओ आर हे जवळपास शर्यतीचे टायर मिळतात. उरुसमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटायला टॉरसेन डिफरन्शियल आहे, तर कायेनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा बहुपट्टी क्लच. पद्धती वेगळ्या असल्या, तरी सुटताना परिणाम जवळपास सारखाच मिळतो. ३.३ आणि ३.३ चं रहस्य इथे आहे.

लॅम्बोर्गिनीच्याच घरातलं आणखी एक उदाहरण हीच गोष्ट दाखवतं. विजेची जोड दिलेली उरुस एसई ८०० पीएसची आहे, परफॉर्मांतेपेक्षा १३४ पीएस जास्त. तरी तिचा ०-१०० चा आकडा ३.४ आहे, म्हणजे उलट किंचित मंद. कारण ती २,५०५ किलोची आहे. ०-२०० ला मात्र एसई ११.४ सेकंद घेते आणि परफॉर्मांते ११.५. शंभरला मागे असलेली गाडी दोनशेला पुढे निघून गेली. पुरोसांग्वेही शंभरला ३.३ सेकंदच घेते, पण तिचा दोनशेचा आकडा १०.६ आहे. शंभरला बरोबरीत असलेल्या दोन गाड्यांमध्ये दोनशेला जवळपास एका सेकंदाचं अंतर पडतं.

यातून आपल्या जोडीबद्दल अंदाज बांधता येतो. परफॉर्मांतेला १०० ते २०० साठी ११.५ वजा ३.३, म्हणजे ८.२ सेकंद लागतात. कायेनची टनामागची ताकद सात टक्के कमी, म्हणून तिला ८.८ च्या आसपास लागावेत. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेत वेळ आणि शेवटचा वेग हे टनामागच्या ताकदीच्या घनमुळाप्रमाणे बदलतात. सात टक्क्यांचं घनमूळ सव्वादोन-अडीच टक्क्यांवर येतं. म्हणजे सुमारे पाव सेकंदाचा फरक आणि रेषा ओलांडताना ४-५ किमी/तास जास्त वेग. त्या वेगाला पाव सेकंदात गाडी तेरा-चौदा मीटर जाते, म्हणून परफॉर्मांते दोन-तीन गाड्यांच्या लांबीने पुढे असावी. हा कागदी अंदाज लिहून ठेवा. चाचणीचे आकडे याच्या फार दूर गेले, तर आधी मोजमापावर शंका घ्या, गाडीवर नंतर.

जागा

सार्वजनिक रस्ता हा पर्यायच नाही. समृद्धी महामार्ग रिकामा दिसतो, सरळ आहे, पण तिथे मोटारींना कमाल १२० किमी/तासाची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या ऑटोबान महामार्गांचा मोह होईल. तिथल्या अनेक पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही हे खरं, पण दोघांनी ठरवून शर्यत लावणं हा २०१७ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी भौतिकशास्त्र सुटत नाही. परफॉर्मांते १०० वरून ३२.९ मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, म्हणजे २०० वरून किमान १३२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ५५ मीटर. समृद्धीवर रात्री रिकामा वाटणारा पट्टा आणि त्यावर दिवे बंद करून उभा राहिलेला ट्रक, एवढं पुरतं. माणसं जातात.

तेव्हा बंद जागा शोधा. महाराष्ट्रातल्या वेगवेड्यांना लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती ठाऊक आहेत. अशा संघटित कार्यक्रमांत वेळ मोजणारी यंत्रणा, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पुरेशी थांबायची जागा असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला एक किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथली ११.३ किमीची लंबगोल अतिवेगवान धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. वाहन उत्पादक आणि वाहन-नियतकालिकं अशा ठिकाणी चाचण्या करतात, आणि कमाल वेग मोजायचा तर आपल्याकडे याहून योग्य जागा नाही.

०-२०० आणि परत शून्य यासाठी सलग किती लांबी हवी? दोनशे गाठायला चारशेहून जास्त मीटर, प्रतिक्रियेला ५०-६०, थांबायला दीडशे, आणि चुकीला जागा म्हणून तेवढंच आणखी. एक किलोमीटरपेक्षा कमी पट्टा असेल, तर दोनशेचा नाद सोडा आणि १६० वर थांबा.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. वापराच्या मर्यादांमध्ये संघटित शर्यती आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते. धावपट्टीवर गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या खिशातून जाऊ शकतो. कार्बन-सिरॅमिक ब्रेकच्या डिस्क दोन्ही गाड्यांना मुळातच येतात. पुढची डिस्क ४४० मिलिमीटरची असते आणि तिची किंमत एकदा डीलरकडे विचारून ठेवा.

मोजायचं कशाने

स्पीडोमीटरने नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमाप्रमाणे जगभरचे स्पीडोमीटर बनतात, तो सांगतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, पण दहा टक्के अधिक चार किमी इतका जास्त दाखवला तर चालेल. खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत दाखवू शकतो. दोन गाड्यांची ही चूक वेगवेगळी असते. म्हणून डॅशबोर्डचं चित्रीकरण करून त्यावर स्टॉपवॉच लावणारे व्हिडिओ तुलनेला निरुपयोगी असतात.

साध्या फोनचा जीपीएसही नको. तो सहसा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो आणि या गाड्या एका सेकंदात तीस किमी/तास वेग मिळवतात. वेगळं जीपीएस यंत्र घ्या. ड्रॅगीसारखी छोटी यंत्रं सेकंदाला दहा नोंदी घेतात, रेसबॉक्ससारखी पंचवीस, आणि व्यावसायिक व्हीबॉक्सची वरची यंत्रं शंभर. हौशी तुलनेला दहा ते पंचवीस पुरतात.

अट एकच, दोन्ही गाड्यांना एकच यंत्र वापरा, आळीपाळीने. दोन यंत्रं असतील, तर आधी दोन्ही एकाच गाडीत शेजारी ठेवून एक धाव घ्या आणि आकडे जुळतात का पाहा. यंत्र पुढच्या काचेजवळ, आकाश मोकळं दिसेल असं घट्ट बसवा. काही गाड्यांच्या काचेत धातूचा थर असतो आणि त्याने उपग्रहांचा सिग्नल कमी होतो, तेव्हा सुरुवातीला उपग्रह पुरेसे मिळालेत ना ते बघा. रोलआउटची सेटिंग दोन्हींसाठी बंद ठेवा.

गाड्या सारख्या पातळीवर आणा

टायरपासून सुरुवात करा. बाजूच्या भिंतीवरचा चार अंकी आकडा बघा, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकीला नवे ट्रोफिओ आर आणि दुसरीला तीन वर्षांचे कडक झालेले टायर असतील, तर तुम्ही टायरांची तुलना करताय, गाड्यांची नव्हे. शक्य असेल तर दोन्हींना एकाच प्रकारचे टायर घाला. नसेल तर निकालाच्या पहिल्याच ओळीत टायरचं नाव लिहा. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबाला भरा. पकड वाढेल म्हणून हवा काढण्याची युक्ती ड्रॅग शर्यतीत चालत असेल, पण २०० किमी/तासाला सव्वादोन टनांची गाडी कमी हवेच्या टायरवर चालवणं धोक्याचं आहे.

पेट्रोल दोन्हींत एकाच पंपावरचं, एकाच ऑक्टेनचं, आणि तेही आधीची टाकी बरीच रिकामी झाल्यावर भरलेलं असावं. मुंबई-पुण्यात डिसेंबर २०२० पासून १०० ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळतं. ऑक्टेन कमी पडलं, की पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद गुपचूप घटते. कागदावरचे ६६६ पीएस मग कागदावरच राहतात. टाकी दोन्हींत अर्धी ठेवा. भरलेल्या टाकीत साठ-पासष्ट किलो पेट्रोल असतं.

ड्रायव्हर एकच ठेवा, किंवा दोघांनी दोन्ही गाड्या चालवा. डिकीतलं सामान बाहेर काढा. एसी बंद. इंजिनाचं तेल आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम होऊ द्या, पण त्यानंतर गाडी उन्हात तासभर चालू अवस्थेत उभी ठेवू नका. टर्बोमधून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर तापला, की पुढच्या दोन धावा मंदच येणार.

धाव

कायेनमध्ये स्पोर्ट प्लस मोड लावायचा, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजव्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, पडद्यावर लाँच कंट्रोल (उभी गाडी झपकन सुटावी म्हणून ताकद सांभाळणारी यंत्रणा) सुरू झाल्याचा संदेश आला की ब्रेक एकदम सोडायचा. सोडताना अर्धवट, हळूहळू सोडलं की वेळ बिघडते. उरुसमध्ये मोड वेगळे, पण मूळ कृती तीच. पुस्तिकेतली पद्धत तंतोतंत पाळा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून पाच-सहा सेकंद थांबू नका, गिअरबॉक्सचं तेल त्याने झपाट्याने तापतं.

धावांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी उरुसच्या सगळ्या धावा आणि मग कायेनच्या, असं कधीही करू नका. सकाळी आठला डांबर गार असतं, अकराला तापतं, आणि तो फरक दुसऱ्या गाडीच्या नावावर जमा होतो. एक उरुस, एक कायेन, पुन्हा उरुस, पुन्हा कायेन, असं आलटून पालटून घ्या. प्रत्येक गाडीच्या किमान चार धावा घ्या, दोन एका दिशेने आणि दोन उलट दिशेने. दोन धावांमध्ये गाडी सावकाश फिरवून थंड करा. शेवटी सर्वांत चांगला आकडा उचलायचा नाही. दोन्ही दिशांची सरासरी घ्या आणि सर्व धावा जशाच्या तशा नोंदवा. चार धावांतच ०.३ सेकंदांचं अंतर पडत असेल, तर दोन गाड्यांमधल्या ०.१ सेकंदाच्या फरकाला काही अर्थ नाही.

दिशा बदलण्याचा आग्रह कशासाठी? १ टक्का उतार, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ०-१०० मध्ये तो फक्त ०.०४ सेकंदांचा फरक पाडतो, कारण तिथे गाडीचा स्वतःचा जोर प्रचंड असतो. पण १००-२०० मध्ये गाडीचा प्रवेग निम्म्याहून कमी झालेला असतो आणि तोच उतार जवळपास पाव सेकंद खातो किंवा देतो. वाऱ्याचंही तसंच. २०० किमी/तासाला समोरून २० चा वारा आला, तर हवेचा रोध एकवीस टक्क्यांनी वाढतो.

आता दुसरी, माझ्या दृष्टीने जास्त मोलाची धाव. गाडी ८० ला स्थिर चालवा, मग पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, आणि यंत्रातून १०० ते २०० चा वेळ वाचा. ८० पासून सुरुवात करायची म्हणजे गिअर खाली उतरायला आणि टर्बो भरायला लागणारा वेळ शंभरच्या आधीच संपतो. इथे लाँच कंट्रोल नाही, टायर घसरणं नाही, ब्रेक सोडण्याचं कसब नाही. उरतात ती ताकद, वजन आणि हवा. नवशिक्या ड्रायव्हरचेही आकडे इथे एकमेकांजवळ येतात. यालाच जोडून ६० ते १२० ही मोजा, पण ती अचानक पाय दाबून, गिअर बदलण्याच्या वेळेसकट. ओव्हरटेक करताना हीच धाव कामाला येते आणि गिअरबॉक्सचा खरा स्वभाव इथे उघड होतो.

हवामानाची नोंद

समुद्रसपाटीला १५ अंशांना हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. पुण्याच्या उंचीवर, मेमधल्या ३८ अंशांच्या दुपारी ती १.०६ च्या आसपास येते, म्हणजे तेरा टक्के कमी. टर्बो इंजिन ही तूट बरीचशी भरून काढतं, पण टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते आणि संगणक सावध होतो. त्यामुळे युरोपातल्या थंड सकाळी काढलेला ३.३ तुमच्या हातून ३.६ आला, तर गाडी खराब आहे असं समजू नका. दोन्ही गाड्या एकाच हवेत धावल्या, तर तुलना शाबूत राहते. वेगळ्या दिवशी, वेगळ्या शहरात काढलेले आकडे मात्र शेजारी ठेवू नका. धावांच्या वेळी तापमान, उंची आणि वारा लिहून ठेवा.

कमाल वेग

परफॉर्मांते ३०६, कायेन ३००. दोन टक्क्यांचा फरक. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, तेव्हा दोन टक्के वेगासाठी सहा टक्के ताकद हवी. परफॉर्मांतेकडे चार टक्केच जास्त आहे. त्या चार टक्क्यांनी ३०० चे ३०४ होतात. वरचे दोन किमी गाडीचा आकार, मागच्या पंखाचा कोन आणि गिअर यांतून येतात. कायेन सुधारून ६५९ पीएसची झाली, तेव्हा तिचा वेग ३०५ झाला, तोही या गणिताच्या जवळचाच. वजनाचा इथे जवळपास काही संबंध नाही. जड गाडीला तिथे पोचायला जास्त वेळ लागतो, इतकंच.

माझा सल्ला, हा आकडा स्वतः मोजायला जाऊ नका. शेवटचे वीस किमी/तास मिळवायला कित्येक किलोमीटर लागतात आणि त्या वेगाला टायर फुटला तर करण्यासारखं काहीही उरत नाही. इथे कंपनीवर विश्वास ठेवणं पुरेसं आहे.

विक्रमांच्या आकड्यांबाबत एक खुलासा. कायेन टर्बो जीटीने १४ जून २०२१ रोजी न्यूरबुर्गरिंगचा २०.८३२ किमीचा फेरा लार्स केर्नच्या हाती ७ मिनिटं ३८.९२५ सेकंदांत पूर्ण केला, सरासरी ताशी १६३ किमी. परफॉर्मांतेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकची जवळपास २० किमीची चढण सिमोने फाजिओलीच्या हाती १० मिनिटं ३२.०६४ सेकंदांत सर केली. दोन्ही कामगिऱ्या जबरदस्त आहेत. पण एक वळणावळणाच्या सर्किटवरची, दुसरी ४,३०० मीटर उंचीवर संपणाऱ्या डोंगररस्त्यावरची. त्यांतून ब्रेक, वळणातली पकड आणि सस्पेन्शन कळतं. सरळ रेषेतल्या तुलनेत त्यांना आणू नका.

आकडे हाती आले, आता वाचा

कागदावर चार रकाने करा: ०-१००, १००-२००, ४०२ मीटरचा वेळ, आणि तिथला वेग. हे चारही एकत्र वाचले, की गाडी बोलायला लागते.

०-१०० मध्ये एक गाडी मागे, पण १००-२०० मध्ये दोघी बरोबर असतील, तर मागे पडलेलीचे टायर किंवा सुटण्याची पद्धत तपासा. तिच्या इंजिनात दोष नाही. ०-१०० बरोबर आणि १००-२०० मध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तर आपल्या जोडीत तेच अपेक्षित आहे. फरक दीड सेकंदाचा आला, तर मंद गाडीचं पेट्रोल, इंटरकूलर किंवा वजन संशयास्पद आहे. ४०२ मीटरला वेळ चांगली पण वेग कमी असेल, तर गाडी सुटली छान, ताकद कमी. वेळ वाईट पण वेग जास्त असेल, तर ताकद आहे आणि ती सुरुवातीला रस्त्यावर उतरली नाही. म्हणून ड्रॅग शर्यतीतले जाणकार वेळेआधी शेवटचा वेग विचारतात.

पहिल्या धावेपेक्षा चौथी धाव सतत मंद होत गेली, तर ती गाडी उष्णतेपुढे हरते आहे. आपल्या हवामानात मी त्या निरीक्षणाला ०-१०० च्या दशांशापेक्षा जास्त वजन देईन. आणि ६०-१२० मध्ये जिच्या सगळ्या धावांचे आकडे एकमेकांना चिकटून येतात, ती गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर दर वेळी तेच करते. माझा कौल तिला जाईल, मग तिचा शंभरचा आकडा दुसरीपेक्षा दशांशाने मागे का असेना.